वाऱ्याच्या उलट आलेली हाक

या पेजवर कुणी काही टाकलं की खाली लगेच 'फेकू नका' येतं. खुशाल लिहा. यात माझा सख्खा भाऊ गेलाय, मला लाईक नकोत.

मी रामकिसन. गाव गंगापूर तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला. गावाचं नाव सांगत नाय, आम्ही घरचे अजून तिथंच राहतो.

तारीख पक्की आहे. सोळा मार्च १९९९, मंगळवार. आणि वेळ रात्रीची नाय. भर दुपारची, साडेबाराची.

ऊस तुटून गेला होता. रानात गुडघाभर पाचट पडलेलं, म्हणजे उसाचा वाळका पाला. तो जाळायचा, मग पाणी द्यायचं, की खोडातून ऊस पुन्हा फुटतो.

थोरला भाऊ बन्सीदादा यात लई सावध. पाचट जाळायचं तर पहाटे, वारा पडलेला असताना. बांध ओला करून. आधी वाऱ्याच्या खालच्या टोकाला दहा-बारा हात पट्टा जाळायचा आन पोत्यानं विझवायचा. मग तिथून हाक द्यायची, "पेटव." ती आल्यावरच वरच्या टोकानं काडी लावायची. आग वाऱ्यासंगं पळत येते, काळ्या पट्ट्यावर पोचते, पुढं खायला काही नसतं. तिथंच मरते.

त्या दिवशी मी तालुक्याहून उशिरा आलो. सामाईक विहिरीवर दुसऱ्या दिवशी उजाडतानाच आमची पाण्याची पाळी होती. ती चुकली तर पुढचे आठ दिवस पाणी नाय. दादा म्हणाला, वारा चढलाय, आज नको. माझं डोकं तेव्हा लई गरम. दमयंती वहिनी भाकरी घेऊन आली होती, तिच्यासमोर मी त्याला भित्रा म्हणालो.

त्यानं ओलं पोतं खांद्यावर टाकलं आणि खालच्या टोकाला गेला.

मी वरच्या टोकाला थांबलो. रानाच्या मधे उंचवटा आहे, त्यामुळं पलीकडचा माणूस दिसत नाय.

पट्ट्याचा धूर दिसला. हळूहळू कमी झाला.

वारा माझ्याकडून दादाकडं वाहत होता. अशा वाऱ्यात त्याची हाक मला तीन-चारदा ओरडल्याशिवाय कधी ऐकू आली नव्हती.

त्या दिवशी एकदाच आली...

"रामा, पेटव."

ओरडून नाय. शेजारी बसून बोलावं, तशी. आवाज दादाचाच.

मी काडी लावली.

पाचट तडतडलं. आग उंचवट्याकडं पळाली.

आणि मग... आवाजच थांबला. पाखरांचा, वाऱ्याचा, आगीचासुद्धा. समोर जाळ दिसत होता आणि काही ऐकू येत नव्हतं.

किती वेळ, ते सांगता येत नाय.

मग दादा ओरडला. तो आवाज मात्र लांबून आला.

दादा सापडला तो रानाच्या मधोमध. पट्ट्यावर नाय.

जीप करून त्याला घाटीला, सरकारी दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी तो नीट बोलला. खोलीत मी एकटाच होतो.

"रामा, 'दादा, आत पाईप राहिलाय, घेऊन ये' अशी हाक तूच मारली ना?"

मी हाक मारली नव्हती.

आणि आत पाईप नव्हताच. सगळे पाईप आम्ही आदल्या दिवशी विहिरीवर नेऊन ठेवले होते. अजून तिथंच पडले होते.

मी विचारलं, "दादा, तू पेटव म्हणालास ना?"

"नाय. मी पट्टा विझवत होतो. तेवढ्यात तुझी हाक आली. अगदी कानाशी."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला मी भित्रा म्हणालो होतो, पण भ्यालेला असा त्याला मी पहिल्यांदाच पाहिला.

"तू नाय, तर मग कोन?"

तो वाचणार नाय, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ही भीती घेऊन त्यानं जाऊ नये, एवढंच मला कळत होतं.

"मीच, दादा. मीच मारली हाक."

"मग असू दे," म्हणाला. डोळे मिटले.

मी मागं वळलो तर वहिनी दारात उभी.

"भाऊजी, तुम्हीच आत पाठवलं, आन तुम्हीच पेटवलं?"

दादा त्याच संध्याकाळी गेला.

आम्ही अजून एकाच घरात राहतो. ती मला ताट वाढते. बोलत नाय. आता खरं सांगितलं तर म्हणेल, अंगावरचं झटकतोय. म्हणून सांगत नाय.

ते रान आता पडीक आहे. त्या दुपारी तिथं आमच्याशिवाय कोण होतं, त्याला आमची नावं, आमचे आवाज कसे माहीत, मला काही कळलेलं नाय.

पण आताशा दुपारी जेवून आडवा झालो की मला माझाच आवाज ऐकू येतो... "दादा, आत पाईप राहिलाय."

मी ती हाक मारली नव्हती.

नव्हतीच मारली, बहुतेक.