काओशुंग ते माकुंग, चाळीस मिनिटं

बस रे तेकसिन. पेशंटचं विमान उतरेपर्यंत आपली रुग्णवाहिका कुठं पळून जात नाही. चाळीस मिनिटं म्हणालास ना? तिकडचं काओशुंग शहर ते आपल्या बेटावरचं माकुंग, मधे एकशे चाळीस किलोमीटर समुद्र. बरोबर आहे. धुकं नसेल तर.

तीन वर्षांपूर्वी, चौदा एप्रिलला रात्री पावणेनऊला मी विमानतळाच्या याच फाटकाशी गाडी लावून उभा होतो. पुलापलीकडच्या शीयू बेटावरचा बुनहाय, जाळी विणणारा, आईला घरी आणत होता. काओशुंगच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. शेवटचा श्वास घरातच सुटावा, पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर. त्याचा बाप याच समुद्रात गेलेला, बोटीसकट, तो धरून सहा जण. कुणीच परत आलं नाही. आई तरी घरी पोचू दे, एवढंच त्याचं मागणं.

"काका, अजून रात्रपाळी काढायचीय. घाबरवू नका."

गप ऐक.

सव्वानऊ झाले तरी विमान वरच घिरट्या घालत होतं. वर विमानात काय झालं ते मला नंतर बुनहायनंच सांगितलं. आईच्या घशात नळी. हा हातानं श्वासाची पिशवी दाबतोय. बोटं बधिर. वैमानिक म्हणाला, धावपट्टी दिसत नाही, मागं फिरतो.

"मागं नको हो! पाया पडतो."

अशा वेळी माणसाला नाव घेऊन हाक मारायची, नाहीतर भलताच कुणी मागं येतो. वाटेतलं वळण, पूल, सगळं सांगत न्यायचं. म्हाताऱ्यांनी शंभरदा बजावलेलं. पण जीव कासावीस झाला की नाव कुठलं सुचतंय. तो नुसताच ओरडत राहिला, "चला घरी... चला घरी..."

खाली काळा समुद्र.

तेवढ्यात धुकं फाटलं. दिवे दिसले.

उडाल्यापासून सत्तर मिनिटांनी उतरले. आम्ही निघालो.

"आई, पूल आला," बुनहाय म्हणाला.

"हं."

मी आरशात पाहिलं. म्हातारीच्या घशात नळी. नर्सचं तोंड बंद.

"आई, वळण आलं."

"हं."

"हं..."

"हं."

पुरुषांचे आवाज.

मी परत आरशात पाहिलं नाही.

घरी देव्हाऱ्यासमोर निजवली. नळी काढली. तिनं एक श्वास सोडला. बुनहाय लहान पोरासारखा रडला.

पायाशी भाताची वाटी ठेवली. दोन नाणी टाकून विचारलं, आई, जेवलीस? एक छापा, एक काटा पडला की हो. पडेना. पुन्हा नाही. रात्रभर नाही. पहाटे त्यानं माझा हात धरला.

"काका, मी तिचं नाव नाही घेतलं. नुसतंच 'चला घरी' म्हणालो, समुद्रावर."

त्यानं दुसरी वाटी मांडली. नाही. तिसरी. नाही...

बोटीवरचे सहा. आई धरून सात. सातवी मांडली, नाणी टाकली.

नाही.

...

आठवीला हो आलं.

अजून तो दर तिथीला आठ मांडतो. सात वाट्यांतला भात तसाच राहतो. आठवी सकाळी रिकामी असते. तळाशी घोटभर पाणी.

खारं.