शाई वाळायच्या आत

सप्रेम जय भीम, विनंती विशेष —

की ठरलेल्या नवऱ्याला दुसऱ्यांदा भेटायची ही काही जागा नव्हती. औरंगपुऱ्यातलं कार्डांचं दुकान, आणि तेही अगदी मागचं खोकं. गेल्या हंगामात उरलेली कार्डं तिथं निम्म्या भावात मिळतात.

"भैया, ह्याचा कोपरा दुमडलाय. अजून कमी करा," प्रेरणा दुकानदाराशी हुज्जत घालत होती. तेवढ्यात शेजारून आणखी एक हात खोक्यात शिरला. तिनं मान वर केली...

सम्यक!

तोच. लासूर स्टेशनचा, वाळूजच्या कंपनीतला. तिला बघायला आला होता तेव्हा पूर्ण वेळ पोह्यांच्या बशीकडं बघत बसलेला.

"तुमचे वडील तर म्हणाले होते, भारीतलं कार्ड छापणार," तो म्हणाला.

"तुमचे काकापण तेच म्हणाले होते."

दोघांनी आपापल्या हातातलं कार्ड पाठीमागं नेलं. मग हसू फुटलं — आधी तिला, नंतर त्याला. त्याचं मात्र थांबेचना.

"एक बोलू?" तो म्हणाला. "हॉल आणि जेवणातच दोन्ही घरं वाकलीत. तुमचं वेगळं कार्ड, आमचं वेगळं... कशाला? एकच छापू. दोघांचं."

"आणि नाव आधी कुणाचं?" मुलीकडच्या कार्डावर मुलीचं आधी असतं, मुलाकडच्या कार्डावर मुलाचं. यावरून रुसलेले पाहुणे तिनं पाहिले होते.

"तुमचं."

"नको बाई, तुमचे काका मांडवातून उठून जातील. तुमचं!"

"तुमचं हो —"

"दीदी, झगडा घर जाके करो," दुकानदार म्हणाला. "पीछे गिऱ्हाईक खडे हैं."

वेळ —

कार्डावर छापतात तशी एकच कुठं असते? प्रेरणाची असायची घरी फुलंब्रीला जाणाऱ्या बसच्या खिडकीशी, कानाला फोन लावलेली.

"पोचलात?"

"हर्सूल आलंय. फुलंब्री लांब आहे अजून."

"बरंय. लांबच राहू दे."

ती खिडकीबाहेर बघून ओठ दाबायची. शेजारची बाई तिच्याकडं बघून ओठ दाबायची.

नावांचा तिढा त्यानंच सोडवला. कार्डाच्या दोन्ही कडांना एकेक नाव, एकमेकांकडं पाय करून. इकडून धरलं तर प्रेरणा वर, फिरवलं की सम्यक वर. उलटं असं कुणीच नाही. खोक्यात तसलं कार्ड मिळणार नव्हतं, म्हणून हातानंच छापायचं ठरलं.

एक गोष्ट मात्र फोनवर निघत नव्हती. घरात तिला 'मुलगा पसंत आहे का' असं कुणी विचारलंच नव्हतं. 'काही अडचण नाही ना?' एवढंच विचारलं. ती 'नाही' म्हणाली. तिकडून होकार आला तोही सम्यकच्या अप्पारावकाकांच्या आवाजात. त्याच्या आवाजात — अजूनही नाही. कार्ड एकदा गावभर गेलं की मागं फिरता येत नाही. त्याआधी तिला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. पण विचारायचं कसं? आणि उत्तर भलतंच आलं तर...?

स्थळ — फुलंब्री, विहाराचा हॉल. रविवारची दुपार.

निमंत्रक — कोण नव्हतं! मैत्रीण संध्या कापडी पिशव्यांवर छपाई करायची; ती आपली जाळीची चौकट घेऊन आली होती. द्वारकाआत्या विहारातल्या बायकांना घेऊन सतरंजीवर जाड कागद कापत बसली होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांना कपड्यांचे चिमटे. टर्पेंटाइनचा वास चहाच्या वासात मिसळलेला.

"जावईबापू, जरा लांब बसा," आत्या म्हणाली. "शर्टाला शाई लागंल, मग लग्नात काय घालनार?"

संध्यानं चौकट कागदावर टेकवली, निळी शाई ओतली, रबराची पट्टी प्रेरणाच्या हातात दिली. "पहिलं कार्ड नवरीनं. ओढ."

"थांबा," सम्यक म्हणाला.

पट्टी तिथंच राहिली.

"थांबा काय? शाई जाळीत वाळली तर सगळं बसलंच समजा!" संध्या ओरडली.

"छापायच्या आधी एक विचारायचंय." तो तिच्याकडंच बघत होता, या वेळी मध्ये बशी नव्हती. "तुम्ही... स्वतः हो म्हणालात?"

"मला अडचण विचारली होती," ती म्हणाली. "ती नव्हती. आणि तुम्ही?"

"काकांनी होकार कळवला तेव्हा मी कंपनीत होतो. संध्याकाळी घरी आल्यावर मला समजलं, मला तुम्ही पसंत आहात."

बायका फिस्सकन हसल्या. तो नाही हसला.

"पसंत तर होतातच. पण ते मी सांगायचं होतं ना?"

"मग सांगा."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"शाई वाळतीय," ती म्हणाली.

"मला तू पसंत आहेस." तू! कानाची पाळी लाल झाली तरी तो थांबला नाही. "दुमडलेल्या कोपऱ्यासाठी भांडत होतीस ना, तेव्हापासून तर... लई."

कात्र्या थांबल्या.

"आता तू बोल की, पोरी," आत्या हळूच म्हणाली. "आम्ही कुनी इचारलंच नाय तुला. चुकलंच."

प्रेरणानं खाली बघितलं. जाळीतून दोन्ही नावं अंधुक दिसत होती. "मला..." ती अडखळली, मग मान वर केली. "मला तुम्ही हवे आहात."

"झालं ना?" संध्यानं कपाळावर हात मारला. "आता ओढा!"

प्रेरणानं पट्टी घट्ट धरली. सम्यक पुढं झाला. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला त्यानं हात लावला, आणि दोघांनी मिळून ती ओढली — सावकाश, त्याच्या बाजूला, की तिच्या... कुणास ठाऊक कुणाच्या.

चौकट उचलली. ओली, गर्द निळी अक्षरं. त्याच्या कफवर मोठा डाग.

"सांगितलं होतं," आत्या म्हणाली, आणि दोरीवरचा पहिला चिमटा उघडून धरला.