उसनी सुरुवात

"पण तिला सगळं येतं हो, डॉक्टर!" कोल्हापूरच्या मेंदू-सेतू प्रयोगशाळेत वैजयंती मुळगुंद जवळजवळ ओरडलीच. "मोजे कुठे आहेत, आधी काय घालायचं, सगळं पाठ आहे. तरी अर्धा अर्धा तास मोजा हातात धरून बसते. सोळा वर्षं झाली, आता माझंच डोकं फिरायची वेळ आलीय."

शेजारी तिची स्वमग्न मुलगी चारुता खुर्चीच्या हातावरची रेघ बोटाने गिरवत होती.

"माहीत असणं आणि सुरुवात होणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत," डॉ. मुजावर म्हणाले. "हिला माहीत आहे. सुरुवातीचा इशारा हातापर्यंत पोचत नाही, एवढंच. आमचा आरंभसेतू तो इशारा तुमच्या मेंदूतून हिला देतो."

"म्हणजे माझ्या इशाऱ्याची नक्कल?"

"नक्कल होत नाही, बाई. इशारा उसना जातो. जितका हिला मिळेल, तितका तुमचा कमी होईल. म्हणून सेतू बंद करायचा हक्क फक्त देणाऱ्याला. बटण फक्त तुमच्याच अंगठ्याचा ठसा ओळखेल. नीतिसमितीची अट आहे, तुमच्या सुरक्षेसाठी."

समितीत सात विद्वान होते. सकाळी उठून मोजे घालताना सातांपैकी एकालाही कधी अडचण आली नव्हती. त्यामुळे अट एकमताने मंजूर झाली होती.

पहिल्याच आठवड्यात चारुता आपणहून अंघोळ करून दप्तर भरू लागली. वैजयंतीला रडू कोसळलं. पुढे तिला स्वतःला ऑफिसला उशीर होऊ लागला, भाजी चिरायची राहू लागली. पण दहावीची परीक्षा तोंडावर होती. तिने सेतूची मात्रा वाढवली.

गणिताच्या पेपरच्या सकाळी ती पलंगावर बसली होती. वेणी अर्धी, कंगवा हातात. पाऊण तास झाला होता. बटण वीतभर अंतरावर होतं. दाब, तिने स्वतःला बजावलं. अंगठा हलेना. आळशी, हट्टी, मुद्दाम करतेस! तिने स्वतःला शिव्या घातल्या आणि या सगळ्या शिव्या आजवर आपण कुणाला दिल्या, ते आठवून तिला स्वतःचीच चीड आली.

चारुता एक बूट घालून, दुसरा हातात घेऊन आत आली. आईकडे पाहिलं, मग बटणाकडे.

"अडकलीस? आत सगळं ठरलेलं असतं आणि होत नाही. मला माहितीय." तिने आईचा अंगठा धरला आणि क्षणभर थांबली. "बंद केलं तर माझा पेपर जाईल."

नको करूस, आधी परीक्षेला जा, मी बसते अशीच, असं वैजयंतीला सांगायचं होतं. जीव तोडून सांगायचं होतं. ओठ उघडेनात.

चारुताने वाट पाहिली. तिने आईचा अंगठा बटणावर दाबला.

"नको! आधी पेपर दे!" वैजयंती किंचाळली.

तिला बोलता आलं होतं; सेतू बंद झाला होता. चारुता हातातला बूट घेऊन तशीच उभी राहिली.