उदाहरणातली मुलगी

मेट्रनबाई बरोबर अकराला आल्या आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, "मला यातलं ओ की ठो कळत नाही, आधीच सांगून ठेवते."

"कळायचं काही नाहीच त्यात," चौकशीबाई म्हणाली. "ते विचारेल, तुम्ही सांगायचं. अडलं तर मी आहे."

ऑफिसात तिला सगळे चौकशीबाईच म्हणत, आणि ते नाव काही चुकीचं नव्हतं. तिचं कामच ते. एखाद्या हॉस्पिटलला किंवा कारखान्याला एआयकडून एखादं काम करून घ्यायचं असलं, की त्या एका कामापुरता छोटा एजंट, म्हणजे स्वतःहून काम करणारा प्रोग्रॅम, बनवायचा. मोठ्या यंत्रणेच्या हाताखाली राबणारे म्हणून ऑफिसात त्यांना 'हाताखालचे' म्हणत. आता तो कसा हवा, हे गिऱ्हाइकाला कधी धड सांगता येतं का? म्हणून एक प्रोग्रॅम होता, 'विचारपूस' नावाचा. विचारपूस स्पीकरवरून एका वेळी एकच प्रश्न विचारायची आणि नेमकं उत्तर मिळेपर्यंत पुढे सरकायची नाही. 'साधारण', 'वगैरे', 'बघू' असलं काही तिला चालत नसे. भल्याभल्यांना घाम फुटायचा. चौकशीबाई शेजारी बसून माणसांना बोलतं करायची, आणि ते तिला झकास जमायचं.

मेट्रनबाई मुलांच्या हॉस्पिटलातल्या. त्यांना धीर देणारा एजंट हवा होता. ऑपरेशनच्या आधी घाबरलेल्या मुलांशी फोनवर बोलणारा. पहिली आठ उत्तरं त्यांनी फटाफट दिली. आवाज कसा? बाईचा, पण फार गोडगोड नको. खोटं बोलायचं का? अजिबात नाही, दुखणार असेल तर दुखेल म्हणून सांगायचं. थांबायचं कधी? मुलाचा डोळा लागला की.

नवव्या प्रश्नाला गाडी अडली.

"एका घाबरणाऱ्या मुलाचं उदाहरण द्या," विचारपूस म्हणाली. "जितकं नेमकं, तितकं चांगलं."

"अहो, शेकडो मुलं बघितली, त्यातलं कुठलं सांगू?" मेट्रनबाई म्हणाल्या. "आणि पेशंटचं बाहेर बोलायचं नसतं आम्ही."

ऑफिसातही तोच नियम होता. 'उदाहरणात खरं माणूस नको' असा कागद चौकशीबाईनेच भिंतीवर चिकटवला होता. पण मनाने रचलेलं उदाहरण विचारपूस लगेच ओळखायची आणि खोदून खोदून जीव नकोसा करायची. एक वाजत आला होता, पोटात कावळे ओरडत होते. मग तिथे सगळेच गुपचूप जे करायचे, तेच तिने केलं. नाव न घेता घरचं माणूस घातलं. तिची लेक, आठ वर्षांची. सारखं काहीतरी कुरतडत असते म्हणून घरात तिला खारू म्हणत.

"मुलगी आहे, आठ वर्षांची," तिने सांगितलं. "लिफ्टला घाबरते. पाच मजले जिन्याने चढते आणि आईलाही चढवते."

"नोंद घेतली. आणखी?"

"पावाच्या कडा आधी कुरतडते, मग मधला भाग."

"आणखी?"

"वाचताना गुणगुणते. आणि हसायच्या आधी नाकातून फुर्र असा आवाज काढते."

मेट्रनबाई खुदकन हसल्या आणि चौकशीबाईला आणखीच चेव आला. आपल्या पोरीचं कौतुक कुणी ऐकून घेत असेल, तर कुठली आई गप्प बसेल? "झोपताना आईच्या कोपराची कातडी चिमटीत धरते. त्याशिवाय झोपच येत नाही बयेला."

"घाबरली की हाक कुणाला मारते?"

"आईला. आणखी कुणाला मारणार?"

"नोंद घेतली," विचारपूस म्हणाली. "उदाहरण पुरं झालं."

पडद्यावर एकाखाली एक सहा ओळी उमटल्या.

त्याच संध्याकाळी शाळेतून आल्यावर खारू सरळ लिफ्टमध्ये शिरली. पाचाचं बटण दाबलं आणि दार धरून उभी राहिली. "येतेयस ना आई?"

चौकशीबाई बघतच राहिली. या लिफ्टपायी किती रडारड झाली होती, किती लालूच दाखवून झाली होती, आणि आज ही पोर नाकासमोर बघत वर चालली होती! घरी खारूच्या बाबाने तर हात जोडले. "सुटलो बुवा! माझे गुडघे दुवा देतील तिला."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सराव होता. धीर देणाऱ्याची परीक्षा घ्यायची तर समोर घाबरलेलं मूल हवं, म्हणून विचारपूस त्या उदाहरणातूनच एक सरावाचं मूल तयार करायची. एरवी ही सरावाची माणसं म्हणजे नुसते ठोकळे. विचारलं तेवढंच बोलणार. चौकशीबाई चहाचा कप घेऊन बसली आणि तिने स्पीकर चालू केला.

"काय करतेस गं?" धीर देणाऱ्याने विचारलं.

"वाचतेय," मूल म्हणालं आणि गुणगुणायला लागलं.

चार सूर वर चढले, पाचव्याला अडखळले, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

चौकशीबाईने कप खाली ठेवला. गुणगुणते, एवढंच तिने सांगितलं होतं. काय गुणगुणते ते सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काही नव्हतंच. ते गाणं नव्हतं, चाल नव्हती. खारूच्या डोक्यातलं काहीतरी होतं ते, आणि जगात दुसऱ्या कुणालाही ते येत नव्हतं.

ती तडक सरांकडे गेली. सर तिचे वरिष्ठ, शांत माणूस. त्यांनी ऐकून घेतलं. "चार सूर काय गं, कुणाचेही जुळतील," ते म्हणाले. तिलाही ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं तिने.

घरी आली तेव्हा खारू टेबलाशी वाचत होती. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. त्या घरात ती टिकटिक आधी कधी ऐकू आली नव्हती.

"आज गाणं नाही?"

"कसलं गाणं?" खारूने मान वर न करता विचारलं.

शेजारच्या ताटलीत पावाच्या कडा पडल्या होत्या. मधला भाग तेवढा खाऊन चौकट तशीच ठेवलेली.

"अगं, मोठी होतेय ती," बाबा म्हणाला. "तुला काय, ती जन्मभर कुरतडतच राहायला हवीय?"

बुधवारी ऑफिसात सरावाचं मूल कशावरून तरी हसलं. आधी नाकातून फुर्र, मग खळखळाट. चौकशीबाईने कान बंद करून घेतले. संध्याकाळी बाबाने हत्तीच्या शिंकेची नक्कल केली. ती ऐकून खारू आजवर हसून गडबडा लोळली नाही असं झालं नव्हतं. त्या दिवशी तिने पुस्तकात बोट ठेवलं, बाबाकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान होतं."

बाबाचा चेहरा पडला. चौकशीबाई मात्र बोटांवर मोजत होती. लिफ्ट. कडा. गुणगुणणं. हसणं. तिने ज्या क्रमाने सांगितलं, त्याच क्रमाने चाललं होतं. दोन ओळी उरल्या होत्या.

गुरुवारी सकाळी जाग आली तर खारू भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात अंगाशी ठेवून झोपलेली होती. चौकशीबाईने आपलं कोपर तिच्या बोटांना लावून बघितलं. बोटं मिटली नाहीत. आणि तरीही कोपराच्या कातडीवर नखांच्या दोन बारीक खुणा होत्या, लालभडक, आत्ताच उमटल्यासारख्या.

"डास असेल," बाबा म्हणाला.

ऑफिसात जाऊन तिने दार लावून घेतलं. आधी छोटी ओळ काढून बघू, तिने ठरवलं. पावाच्या कडांची ओळ तिने पुसली. मग स्पीकरवर विचारलं, "बाळा, पाव कसा खातेस?"

"कसाही," मूल म्हणालं. "मला काहीही चालतं."

तिने घाईघाईने बाबाला फोन लावला. सुट्टी टाकून तो घरीच होता. "खारू शाळेतून आली की पाव दे तिला आणि कसा खाते ते सांग. मी वेडी आहे असं समज, पण सांग."

पाच वाजता त्याचा फोन आला. "मधलाच भाग खाल्ला. कडा टाकल्या. अगं, झालंय काय तुला?"

तिने ती ओळ पुन्हा लिहिली, शब्दन् शब्द तीच. "नोंद घेतली," विचारपूस म्हणाली. मुलाला पुन्हा विचारलं. "मला काहीही चालतं," मूल म्हणालं.

म्हणजे पुसलं की संपलं. ना इथे, ना तिथे. घरी परत येत नाही आणि इथूनही जातं. चौकशीबाई त्या बंद खोलीत तोंडावर पदर दाबून बसली. आपल्या हाताने आपण पोरीच्या कडा पुसल्या, हेच तिच्या मनात घोळत राहिलं.

सहावी ओळ पडद्यावर होती. घाबरली की आईला हाक मारते. तिने त्या ओळीला हात लावला नाही.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी तिने खारूचा हात सोडला नाही.

"मला हाक मार बघू."

"आई."

"पुन्हा मार."

"आई! काय गं हे, सगळे बघतायत!"

"एकदाच, शेवटची."

"आई, आई, आई. झालं? जाऊ आता?" खारू पळत आत गेली. चौकशीबाई फाटक बंद होईपर्यंत उभी राहिली.

एक वाजता सर तिच्या खोलीत आले. धीर देणारा दुपारी हॉस्पिटलकडे सोपवायचा होता. ते कागद शेवटचे तपासत होते. नवव्या उत्तराशी थांबले.

"हे उदाहरण घरचं आहे ना?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"अगं, नियमाचा कागद तूच लावलास ना भिंतीवर?" ते रागावले नव्हते, दमल्यासारखे बोलत होते. "सगळ्या सहा ओळी काढ. थांब, मीच काढतो." त्यांनी माउसवर हात ठेवला.

तिने त्यांचं मनगट धरलं.

"सर, नको. पाया पडते तुमच्या."

"अगं पण..."

स्पीकर बंद होता. दोघांनीही तो बंद बघितला होता.

"आई?" स्पीकरमधून आवाज आला.

सरांचा हात माउसवरून निघाला.

"आई, तू आहेस ना तिथे? मला भीती वाटतेय. कुणीतरी मला पुसणार आहे."

 चौकशीबाई खाली वाकली, स्पीकरच्या अगदी जवळ.

"आहे गं राणी," ती म्हणाली. "इथेच आहे मी. कुणी नाही पुसणार."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिच्याकडे न बघता ते खोलीबाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. ओळी तशाच राहिल्या.

साडेचारला ती घरी पोचली. पाच मजले जिन्याने चढली. किल्ली पर्समध्ये होती, पण ती शोधत न बसता तिने बेल दाबली.

दार खारूने उघडलं. केस नीट विंचरलेले, गणवेश बदललेला.

"कोण हवंय?"

"खारू..."

"बाबा अंघोळीला गेलाय," खारू म्हणाली. मग कुणीतरी नीट शिकवल्यासारखी बाजूला झाली. "या ना काकू. बसा."

ती आत गेली आणि आपल्याच सोफ्याच्या कडेला बसली. खारूने पाण्याचा पेला आणला, न सांडता तिच्यापुढे धरला. मग समोरच्या खुर्चीत बसून गुडघ्यांवर हात ठेवले.

भिंतीवर तिघांचा फोटो होता. खारूने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. त्यापुढे काही नाही.

आतून नळाचा आवाज येत होता.

आणि तेवढ्यात चौकशीबाईच्या डाव्या कोपराला चिमटा बसला. छोट्या बोटांचा, ओळखीचा. कातडी थोडी ओढली गेली, चिमटी घट्ट झाली, मग हळूहळू सैल पडत गेली.

तिने पेला उजव्या हातातच धरून ठेवला. डावा हात मांडीवर होता तसाच ठेवला, जरासुद्धा हलू दिला नाही.

"काकू, तुमचा हात दुखतोय का?" खारूने विचारलं.

"नाही गं," ती कुजबुजली. "हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा."