सशांच्या खोपटातलं चित्र

हे कुणी मला सांगितलेलं नाही. मी तिथे होते.

साल १९१९. लाबे नदीकाठचं आमचं गाव, आणि हिनेककाकाची बिअरची खानावळ. आई लहानपणीच गेल्यामुळे मी ओतिलीमावशीकडेच वाढले. हिनेककाका म्हणजे तिचा नवरा. आणि आलोइसमामा म्हणजे मावशीचा आणि माझ्या आईचा धाकटा भाऊ. चित्रकार.

महायुद्धाआधी मामा पॅरिसला जाऊन आला, तेव्हापासून त्याची चित्रं बदलली. त्याने मावशीचं बटाटे सोलतानाचं चित्र काढलं. चेहरा असा, की ताटली आपटून फुटावी आणि तुकडे कुणीतरी हाताने जुळवावेत. कपाळ पिवळं, गाल हिरवा, नाक एकाच वेळी समोरून आणि बाजूने.

तरीही ती मावशीच होती. दमलेली मावशी. इतकी दमलेली मी तिला त्याआधी कधी पाहिलीच नव्हती.

काका भर खानावळीत ओरडला, "माझी बायको काय फुटकी खिडकी आहे?"

सगळे हसले.

मामा शांतपणे म्हणाला, "माणूस एकाच बाजूने थोडाच असतो, हिनेक? मी सगळ्या बाजू एकदम दाखवतो."

"मग तुझी पाठ दाखव. ते बघ दार!"

पुन्हा हशा. मामाही हसला. पण त्याचे कान लाल झाले होते.

मग युद्ध आलं. मामा तोफखान्यात गेला. त्याची सगळी चित्रं माळ्यावर राहिली.

युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात खायचे हाल झाले. काकाने अंगणात सशांसाठी खोपट बांधलं. लाकूड मिळत नव्हतं, म्हणून तो माळ्यावर चढला...

चौकटी त्याने करवतीने कापल्या. कॅनव्हास भिंतींना ठोकले. मावशी त्याच्या हाताला लोंबकळली, रडली.

"तेलरंग आहे," काका म्हणाला. "पाणी गळणार नाही. तुझा भाऊ शेवटी काहीतरी उपयोगाला आला!"

मावशीचं चित्र त्याने उलटं ठोकलं. डोकं खाली, लेंडीत.

मामा परत आला तेव्हा जुनं साम्राज्य मोडून आपला नवा देश नुकताच झाला होता. रस्त्यावर झेंडे होते. तो गणवेशातच अंगणात गेला आणि वाकून खोपटात शिरला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तेच मला घाबरवून गेलं.

"हिनेक, मी तुझं एक चित्र काढणार आहे."

"काढ की! कोंबड्यांचं खुराडंही गळतंय."

"पूर्ण करीन," मामा म्हणाला. "काहीही झालं तरी पूर्ण करीन."

त्याने कोळशाने काकाच्या चेहऱ्याची नुसती बाह्यरेषा काढली. आत काहीच नाही. मग रंग आणायला तो राजधानीला, प्राहाला गेला. तिथे त्या वर्षीच्या तापाच्या साथीने त्याला गाठलं. परत आली ती त्याची शवपेटी.

काकाने तो रिकामा चेहराही खोपटात ठोकला. समोरच्याच भिंतीवर.

वर्ष गेलं.

नोव्हेंबरमध्ये मृतांचा दिवस आला. आम्ही मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत निघालो. काका आला नाही.

"त्याला उजेड कशाला? त्याला उजेडातही सरळ दिसत नव्हतं."

दुपारी आम्ही परतलो. मी सशांना पाला टाकायला गेले.

आत टर्पेंटाइनचा वास होता. ताजा...

सगळे ससे एका कोपऱ्यात दाटीने बसले होते. पाठी चित्राकडे. एकही कान हलत नव्हता.

आणि त्या रिकाम्या चेहऱ्यावर... कपाळाच्या जागी एक पिवळा तुकडा होता.

मी बोट लावलं. बोट पिवळं झालं.

दुसऱ्या दिवशी नाक आलं. मग हनुवटी. भर दुपारी, अंगण मोकळं असताना, आतून आवाज यायचा... खर्र... खर्र... सुरीने रंग खरवडल्यासारखा. दार उघडलं की शांत. फक्त सशांचा धापा टाकल्यासारखा श्वास.

काका मावशीवर धावून गेला. "हे तुझे उद्योग!"

"मला साधा बटाटा काढता येत नाही, हिनेक."

काकाने खोपटाला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

सकाळी त्यानेच कुलूप काढलं. आम्ही मागे उभ्या होतो.

उजवा गाल पूर्ण झाला होता. हिरवट, खाली ओघळलेला. तोंडाचा कोपरा हनुवटीकडे ओढलेला. एक डोळा वर, एक खाली.

काका कसनुसा हसला. "माझं तोंड असं आहे का?"

मावशी म्हणाली, "अजून नाही."



संत मार्टिनचा सण उजाडला. खानावळ भरली होती, भट्टीत हंस भाजत होते. काकाने सगळ्यांसमोर ते चित्र आणलं. "या, बघा! मेव्हण्याचा निरोप समारंभ!"

त्याने कॅनव्हास मोडून दुमडून चुलीत कोंबला. तो भसकन पेटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकाने पेला उचलला, मोठा घोट घेतला...

बिअर तोंडातून बाहेर आली. उजव्या कोपऱ्यातून, हनुवटीवरून, गळ्यातल्या किल्लीवर.

टाळ्या थांबल्या.

त्याचा उजवा गाल ओघळला होता. एक डोळा वर, एक खाली. तो काहीतरी बोलत होता, पण शब्द होत नव्हते.

डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका. असेल. पण झटका येतो आणि थांबतो, असं मी ऐकलंय. काकाचा थांबला नाही. दर थंडीत त्याच्या चेहऱ्याचा आणखी एखादा भाग सरकायचा. एका वर्षी भुवई. एका वर्षी नाकाचं हाड, जे झटक्याने सरकूच शकत नाही. डॉक्टरांनी येणं बंद केलं.

मावशीने खोपट मोडलं. एकेक चित्र कोमट पाण्याने पुसलं आणि खानावळीच्या भिंतीवर लावलं. रोज सकाळी ती काकाची खुर्ची त्यांच्यासमोर ठेवायची. त्याने मान वळवली, की हलक्या हाताने पुन्हा सरळ करायची. मग लापशी भरवायची.

"बघ, हिनेक," ती गोड आवाजात म्हणायची. "सगळ्या बाजूंनी बघ."

तो रडायचा. एकाच डोळ्याने.

मी मोठी झाले. एका मार्चमध्ये काका झोपेत गेला. मावशीने मला हाक मारली आणि आम्ही दोघींनी त्याच्या तोंडावरची चादर काढली.

चेहरा सरळ होता.

भुवया, नाक, ओठ, सगळं जिथल्या तिथे. लग्नाच्या फोटोतला हिनेककाका शांत झोपला होता.

माझ्या तोंडून सुटकेचा श्वास निघाला. मी मावशीकडे पाहिलं.

ती रागाने थरथरत होती.

ती खिडकीपाशी गेली. दफनभूमीच्या बाजूची खिडकी तिने धाडकन उघडली. आणि लहान भावाला खडसवावं तशी ओरडली,

"आलोइस! इतक्यात सोडलंस त्याला?"

बाहेर कुणीच नव्हतं.

पण मावशी कान देऊन ऐकत राहिली... आणि मग हळूहळू, समजूत पटल्यासारखी मान हलवू लागली. "बरं. उरलेलं तिकडे पूर्ण कर," ती पुटपुटली.

ती काय ऐकत होती, हे मी तिला कधीच विचारलं नाही. आजही विचारणार नाही.