खुर्चीची शिकवणी

घरात तिला सगळे अर्धी म्हणत. नाव ताईनं ठेवलेलं, आणि पुराव्यानिशी ठेवलेलं. पोहायला गेली ती तरंगण्यापर्यंत. स्वेटर विणायला घेतला, त्याला एकच बाही. कपाट रंगवायला काढलं, ते अजून एका दारानं निळं आणि एका दारानं लाकडी उभं आहे. त्यामुळे शाळेनं ‘स्वतःहून एक गोष्ट शिका’ असा प्रकल्प दिला आणि अर्धीनं गिटारचं नाव काढलं, तेव्हा आईनं हातातला कप खाली ठेवला.

“सहा तारा असतात तिला,” ताई म्हणाली. “तू तीन शिक. तेवढं झेपेल.”

“सहाच्या सहा शिकेन. नाही शिकले तर आयुष्यभर अर्धी म्हणा.”

“ते तर म्हणणारच आहोत.”

गिटार मामाची. त्यानं हौसेनं आणली, चार-दोनदा वाजवली आणि शेजारी हात जोडून दारात उभा राहिला, असं मामाच सांगायचा. तेव्हापासून ती खिळ्याला टांगलेली होती.

प्रकल्पाचे नियम वर्गाच्या बाईंनी घातले होते. शिकवणी लावायची नाही, कुणाला सोबत घ्यायचं नाही, पुस्तकातून एकट्यानं शिकायचं. वर बाईंची एक खास तऱ्हा होती. “शिकलात ते दुसऱ्याला शिकवून बघा. दुसरा नसेल तर समोर रिकामी खुर्ची ठेवा आणि तिला शिकवा. जिथं अडखळाल तिथं तुम्हाला आलेलं नाही, असं समजा. ते सगळं फोनवर रेकॉर्ड करून दर शनिवारी मला पाठवा.”

मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल होतं, रद्दीचा ढीग होता आणि एक घडीची लोखंडी खुर्ची होती. अर्धीनं ती उघडून समोर मांडली. दुपारी शाळेतून आली की दार लावायचं, फोन टेबलावर ठेवायचा आणि सुरू.

“पहिलं बोट दुसऱ्या तारेवर. धातूच्या पट्टीच्या अगदी जवळ दाब, नाहीतर तार गुरगुरते. समजलं?”

खुर्ची मुकाट. इतकी शहाणी विद्यार्थिनी कुठल्या बाईला मिळाली असेल?

सुरुवातीला बोटांची टोकं लाल झाली, मग सोलवटली, मग हळूहळू निबर झाली. डाव्या हाताच्या चारही बोटांना घट्टे पडले. अर्धी ते आल्यागेल्याला पदकांसारखे दाखवायची. “भांडी घासून पडले असते तर मीही कौतुक केलं असतं,” आई म्हणाली. फोन पूर्वी तिच्या डाव्या तर्जनीनं उघडायचा, तो घट्ट्याचं बोट ओळखेना. अर्धीनं फोनला नव्यानं बोट दाखवून ओळख करून दिली. पुढं तो घट्ट्याच्या बोटानंच उघडू लागला.

एका सोमवारी बाईंनी तिला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं.

“तुझ्याबरोबर कोण शिकतंय?”

“कुणी नाही, बाई.”

“मग हे काय?” बाईंनी आपल्या फोनवर तिचं रेकॉर्डिंग लावलं. अर्धीची तार वाजली. पाठोपाठ दुसरी वाजली. कापसात गुंडाळल्यासारखी, चुकत, गुरगुरत. अर्धीनं सूर बदलला, दुसरीनंही बदलला. जरासा उशिरा.

“घरात गिटार एकच आहे, बाई.”

“हे बघ, मैत्रिणीला घेऊन बसलीस तर बसलीस. पण प्रकल्प एकटीचा आहे. दोघींचा असेल तर मला तो रद्द करावा लागेल.”

अर्धी घरी आली ती तरातरा ताईच्या अंगावर गेली. “माझी नक्कल करतेस ना दाराआडून?”

“मला दुसरी कामं नाहीत?” ताई म्हणाली. “आणि कशानं करू, झाडूनं?”

अर्धीनं आतून कडी लावली, खिडकी लावली आणि फोनमधली जुनी रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकायला बसली. पहिल्यात ती मागून वाजणारी तार नव्हतीच. मग एखादा स्पर्श. मग एक सूर, पुन्हा तोच, पुन्हा तोच, हट्टानं. शनिवारागणिक ते मागून येणं जवळ जवळ सरकत होतं.

शेवटच्या रेकॉर्डिंगात तिचाच आवाज आला. “समजलं?”

आणि लोखंडावर नख वाजवावं तसं एकदाच, टक.

समोर खुर्ची होती. अर्धीनं ती घडी घालून उचलली आणि गॅलरीत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली.

सोडून द्यावं, असं तिला फार वाटलं. पण प्रकल्प वर्गासमोर सादर करायचा दिवस दोन दिवसांवर आला होता, आणि ताईचा चेहरा तिला आत्ताच दिसत होता. तिनं खुर्चीविना एकदा रेकॉर्ड केलं. स्वच्छ. एकटीची गिटार. तिचा जीव भांड्यात पडला.

फक्त बोटं दुखत होती. पहिल्या दिवशी दुखली होती तशी.

सादरीकरणाच्या दिवशी सकाळी फोन उघडेना. तिनं बोट पुसून पाहिलं, फुंकर मारून पाहिलं. मग उजेडात धरलं. तर्जनीचं टोक मऊ होतं, लहान बाळाच्या गालासारखं. चारही बोटांवर घट्ट्याचा मागमूस नव्हता. शाळेत फोन चालत नसे. तिनं तो इस्त्रीच्या टेबलावर ठेवला आणि गिटार पाठीला लावून निघाली.

वर्ग भरलेला होता. बाईंनी तिच्यासाठी जागा करून ठेवली होती, आणि समोर त्यांच्या पद्धतीप्रमाणे एक रिकामी खुर्ची.

“ती काढू का, बाई?”

“अगं, तिलाच तर शिकवायचंय.”

अर्धी बसली. तिनं पहिला सूर दाबला. तार मऊ बोटात सुरीसारखी रुतली.

दुसरा सूर. डोळ्यांत पाणी आलं.

तिसऱ्या सुराला तिचं बोट आपोआप उचललं गेलं.

सूर तरीही वाजला.

तिनं उजवा हातही थांबवला. तळवा मांडीवर ठेवला.

गाणं चालूच राहिलं. स्वच्छ, न गुरगुरता, एकही सूर न चुकता. बाईंसकट सगळा वर्ग डोळे मिटून ऐकत होता. पुस्तकातलं शेवटचं पान तिनं अजून उघडलंसुद्धा नव्हतं, तेही वाजलं.

टाळ्या पडल्या.

“पूर्ण केलंस,” बाई म्हणाल्या. “आणि एकटीनं.”

घरी ताईनं दारातच गाठलं. “काय, झालं का पुरं? आणि खुर्ची परत आत कशाला आणलीस? फोनही उघडा टाकून गेलीस. मघापासून बडबडतोय.”

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. टेबलावर फोनचा पडदा उजळलेला होता. त्यातून एक गिटार वाजत होती, सावकाश, थांबत थांबत. समजावून सांगताना वाजवतात तशी.

मग आवाज आला. अर्धीचाच, पण असा समजूतदार, न थकणारा, की तिनं स्वतःही तो कधी ऐकला नव्हता.

“पहिलं बोट दुसऱ्या तारेवर. दुखेल. दुखू दे. समजलं?”

त्यापुढं काही नव्हतं. उत्तरासाठी थांबल्यासारखी शांतता फक्त.

आपण केव्हा बसलो, हे अर्धीला कळलं नाही. खाली लोखंड गार लागत होतं. तिनं हात घट्ट आवळून धरले होते, तरी एक बोट सुटलं, आणि खुर्चीच्या कडेवर हलकेच वाजलं.

टक.