कपाळावरची कणीक

गर्ट्रूड त्या रविवारी कल्याणच्या मेथडिस्ट देवळात गेली ती निव्वळ सुमेधाच्या हट्टापायी. दोघी एकाच शाळेत नव्या-नव्या शिक्षिका. "अगं, आमची उपासना एकदा बघ तरी! मराठी गाणी, पेटी, पखवाज..." गर्ट्रूड पडली कोपरीची कॅथलिक. रोझामावशीला कळलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. तरी गेली — नवी मोतिया साडी नेसून, अगदी ऐटीत!

दारातच उजव्या हाताला स्टुलावर एक पांढरा वाडगा. तिच्या देवळातही दाराशी अशाच वाडग्यात आशीर्वादाचं पाणी असतं. तिने न बघताच बोटं बुडवली, डोळे मिटले, आणि कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा — अशी झोकात क्रूसाची खूण केली.

बोटं चिकट का लागतायत?

डोळे उघडले तर बायकांच्या बाजूला झाडून सगळे पदर तोंडाशी गेलेले. तिच्या कपाळावर ओल्या कणकेचा गोळा, नव्या साडीवर आणखी तीन! आणि स्टुलाशेजारीच पखवाज मांडीवर घेतलेला एक लांब नाकाचा तरुण चक्क खो-खो हसत होता.

"बाई, ती पखवाजाची कणीक," तो म्हणाला. "डाव्या तोंडाला थापतात. तुम्हीच सगळी लावून घेतलीत, आता मी वाजवू काय?"

उपासना सुटली तशी गर्ट्रूडने त्याला चिंचेखाली गाठलं.

"नाव काय तुमचं?"

"महिपत. रेल्वेत तारबाबू आहे. तुमच्या भुवईला अजून थोडी..."

"राहू दे! पाहुणीला हसायचं, हेच शिकवतात का तुमच्या देवळात?"

"नाही हो, ते मी घरीच शिकलो."

"वर विनोद! माफी मागा."

"मागितली."

"अशी नाही! ज्यांच्यासमोर हसलात, त्यांच्यासमोर."

त्याचं हसू मावळलं. चपलेने माती उकरत तो म्हणाला, "पुढच्या रविवारी याल? साक्षीच्या वेळी मागतो."

साक्ष म्हणजे काय, ते सुमेधाने वाटेत सांगितलं. उपदेशाआधी ज्याला वाटेल त्याने उठायचं, आणि देवाने आठवडाभरात आपल्याला काय शिकवलं ते सर्वांना सांगायचं.

आठवडाभर गर्ट्रूड धुमसत होती. शुद्ध राग, दुसरं काही नाही! रागानेच तिने वेणीत अबोली माळली... रागानेच साडी दोनदा बदलली.

महिपत उठला. कान लालबुंद.

"मागच्या रविवारी मी एका पाहुणीला हसलो. त्यांनी त्या वाडग्यात देवाच्या नावाने बोटं घातली होती. मी दर रविवारी घालतो... माझ्या मनात तेव्हा देव कधी आला नाही. मला क्षमा करा."

गर्ट्रूड मनातल्या मनात त्याला क्षमा करूनही बसली. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "आणि तेव्हापासून माझा ठेका चुकतोय. का, ते तुम्हाला दिसतंच आहे."

पुन्हा सगळे पदर तोंडाशी!

"माफी मागायला सांगितलं होतं, दवंडी पिटायला नाही!" बाहेर आल्याबरोबर ती कडाडली.

"साक्षीत खोटं बोलता येत नाही, बाई."

तिचा राग आणखीच वाढला. "बरं! आता येत्या रविवारी सातला तुम्ही ठाण्याला आमच्या उपासनेला, मिस्साला या. सगळं लॅटिनमध्ये असतं. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, तुम्हाला ओ की ठो कळणार नाही. आणि मी मागे बसून पोटभर हसणार!"

"किती रविवार?"

"माझा राग जाईपर्यंत."

"मग तो..." महिपत हळूच म्हणाला, "लवकर जाऊ नये."

आला की खरंच! इस्त्रीचा सदरा, चापून बसवलेले केस. घंटी वाजली, सगळ्यांनी गुडघे टेकले, त्यानेही टेकले. मग सगळे उठले — हा एकटाच खाली! डोळे घट्ट मिटून, हात जोडून, मनापासून.

"यो कोन गो येडा?" रोझामावशी फिसकन हसली. अख्ख्या बाकावर खुसखुस सुरू झाली.

गर्ट्रूड हसायलाच तर आली होती. पण तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली!

"हसतेस काय मावशी?" आवाज जरा मोठाच लागला. "पाहुण्याला हसतात का कुणी? आणि वेडा नाही तो. माझा आहे!"

पुढच्या बाकांवरची सगळी डोकी वळली. मावशीच्या हातातली जपमाळ खाली पडली. गर्ट्रूडने जीभ चावली, पण आता काय...

महिपतने डोळे उघडून मागे पाहिलं. हे काही लॅटिन नव्हतं. त्याला सगळं कळलं होतं.